नखांच्या कडा

"बाटली एका घरची आणि दिवा दुसऱ्या घरचा, असली सोयरीक जुळवू नका," असं पार्लरवाली म्हणाली होती. तिनं सांगितलं होतं, की नखांना लावायचं हे जेल त्याच कंपनीच्या दिव्याच्या उजेडात नीट शिजतं. शिजलं की त्याचा त्रास नाही, पण कच्चं असताना ते कातडीला लागता कामा नये. त्यात चमकी असली तर आणखी जपायचं, कारण चमकी उजेड वरच्या वर परतवते आणि खालचं कच्चंच राहतं. थर पातळ द्यायचा, दिव्याखाली पुरता वेळ हात धरायचा, आणि कडेला खाज सुटली तर त्याच दिवशी सगळं बंद.

वहिनी हे पार्लरच्या दारात उभी राहून, खांद्यावरच्या चार महिन्यांच्या लेकीला थोपटत ऐकत होती. ती गेली होती एवढंच विचारायला, की दिव्याखाली हात किती वेळ ठेवायचा. बाटल्या तिनं ऑनलाइन मागवल्या होत्या. दिवा घर बदलून गेलेल्या शेजारणीनं जाता जाता हातात ठेवलेला होता. घरी येऊन तिनं नणंदेला पार्लरवालीची हुबेहूब नक्कल करून दाखवली, कमरेवर हात, मान वाकडी, भुवई वर. "गिऱ्हाईक हातचं गेलं की सगळ्यांनाच शहाणपण सुचतं," ती म्हणाली. नणंद पोट धरधरून हसली. सांगितलेलं सगळं त्या हसण्यात वाहून गेलं.

आता ही वहिनी काही अडाणी नव्हे. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली. लेकीच्या साबणाच्या वेष्टणावरची बारीक अक्षरं ती भिंग लावून वाचायची. जेलच्या बाटलीवरही तशीच बारीक अक्षरं होती, पण ती तिनं वाचली नाहीत. स्वतःच्या हौशीला कोण भिंग लावतं?

आणि ती हौस कुठून आली, तेही सांगायला हवं. लेक झाल्यापासून वहिनीची झोप उडाली होती. छोटी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. छोटी शिंकली की थर्मामीटर. गालावर तीन ठिपके दिसले तेव्हा तिनं रिक्षा करून दवाखाना गाठला होता, आणि डॉक्टरांनी हसू दाबत सांगितलं होतं की डास चावलाय. नवरा कामावर गेला की दिवसभर घरात ती आणि लेक. दुपारी तीनच्या सुमाराला कारण नसताना रडू यायचं. नळ सोडून ठेवायची, म्हणजे ऐकू जाऊ नये.

कुणाला ऐकू जाऊ नये? तर नणंदेला. नवऱ्याची ही धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची, आतल्या छोट्या खोलीत. घरात तिला मुंगी म्हणत. लहानपणी तासन् तास एका जागी बसून तांदळाएवढ्या वस्तूंशी खेळायची, म्हणून ते नाव पडलं आणि वीस वर्षांची झाली तरी चिकटून राहिलं. बोलणं कमी, हात सोन्याचे. तुटलेल्या घड्याळाचा स्क्रू असो की बाळाच्या झबल्याचं बटण, बारीक काम निघालं की सगळे म्हणायचे, मुंगीला बोलवा.

एका रविवारी मुंगी आपली दहाही बोटं पसरून वहिनीसमोर बसली आणि म्हणाली, तुझ्याकडे तो दिवा पडलाय ना, मग माझी नखं कर की. वहिनी म्हणाली, मला कुठे येतं. मुंगी म्हणाली, तुला तरी कुठे दुसरं गिऱ्हाईक मिळणार आहे.

तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. छोटी बरोबर चाळीस मिनिटं झोपायची. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरायची, नखं कानशीनं घासायची, बेस लावायचा, दिवा, रंग, दिवा, चमकी, दिवा, वरचा थर, पुन्हा दिवा. माशाचे खवले झाले. फुटलेली काच झाली. चॉकलेटच्या सोनेरी कागदाचे तुकडे कातरून, चिमट्यानं एकेक उचलून अंगठ्यावर बसवले, तेव्हा अंगठा असा झळकला की छोटीनं जागी झाल्या झाल्या तो तोंडातच घालायला पाहिला. वहिनीनं तेवढ्याच झपाट्यानं लेकीला मागे ओढलं. तोंडात कच्चं काही जाईल, हे तिला अचूक सुचलं. मुंगीच्या बोटांच्या बाबतीत तेवढं सुचलं नाही.

कारण वेळ नव्हता. बाटलीवर लिहिलेलं मिनिट पुरं व्हायच्या आत पाळण्यातून कुरकुर यायची, आणि वहिनी म्हणायची, बस झालं, काढ हात. चमकी नीट बसावी म्हणून ती ओल्या थरावर बोटानं दाबायची. स्वतःच्या बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, कारण त्याच हातानं लेकीला घ्यायचं असे. कडेला ओघळलं की मुंगी आपल्याच दुसऱ्या बोटानं पुसून घ्यायची. पातळ थरात चमक उठून दिसत नव्हती, म्हणून थर जाड होत गेले. दोन-तीन तास नखं किंचित चिकट लागायची. वहिनीला वाटायचं, नवीन रंग आहे, तसंच असेल.

मग फोटो. खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या उशीवर हात ठेवून. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला की बदामांचा पाऊस. एकीनं लिहिलं, बाळ सांभाळून हे जमतं कसं तुला? वहिनीनं ते वाक्य दिवसभर फोन उघडून उघडून वाचलं. चार महिन्यांत कुणी तिला जमतं असं म्हटलं नव्हतं.

पाचव्या का सहाव्या रविवारी फोटो काढताना तिला दिसलं. मुंगीच्या मधल्या बोटाच्या नखाभोवतीची कातडी लाल होती. फुगलेली, आणि एका बाजूला बारीक पाण्याचे फोड. तिनं विचारलंही. मुंगी म्हणाली, भांड्यांचा साबण बदललाय ना आपण, त्याचं असेल.

वहिनीनं साबण परत पहिला आणला. आणि फोटोतली ती लाली, फोनमध्ये सोय असते तशी, बोट फिरवून पुसून टाकली. कातडी एकसारखी गोरी दिसायला लागली. मग ग्रुपवर टाकला. त्या फोटोला सगळ्यात जास्त बदाम मिळाले.

त्यानंतर दर आठवड्याला ती पुसत राहिली. कधी एक बोट, कधी तीन. हाताला सवय झाली, डोळ्यालाही.

या सगळ्यात मुंगीचं नशीब उघडलं. दातांच्या कवळ्या करणारी एक लॅब होती, दोन गल्ल्यांपलीकडे, जिन्याखालच्या गाळ्यात. तिथल्या मालकांना, सगळे त्यांना काका म्हणत, मदतनीस हवी होती. मुंगीनं चाचणीला मेणाचा एक सुळा कोरून दाखवला. काकांनी तो उजेडाकडे धरून फिरवला, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले की पंचवीस वर्षांत माझा मुलगा जे शिकला नाही ते तू आईच्या पोटातून शिकून आलीस. घरी येऊन मुंगीनं ती गोष्ट तीनदा सांगितली. मुंगी एखादी गोष्ट तीनदा सांगते, हेच घरात कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी तिनं पहिल्यांदा अख्खी केली. दात जरा वाकडे बसवले होते. काका रागावले तर म्हणाली, त्यांचा तरुणपणीचा फोटो मागवून घेतला होता, दात असेच होते. मास्तर कवळी लावून आरशासमोर बराच वेळ उभे राहिले म्हणे. त्या दिवसापासून मुंगीला आयुष्यात दुसरं काही करायचं नव्हतं. दोन वर्षं शिकायचं, मग स्वतःचं टेबल. काकांनी शब्द दिला होता.

कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी लगद्याच्या करतात, तो एका पावडरीत एक उग्र वासाचं पाणी कालवून होतो. ते पाणी आणि नखांचं जेल एकाच गोत्रातलं. हे मुंगीला माहीत असायचं कारण नव्हतं. वहिनीला मात्र होतं, निदान असायला हवं होतं. मुंगी घरी आली की तिच्या कपड्यांना तो वास यायचा, आणि वहिनीला दर वेळी वाटायचं, हा वास ओळखीचा आहे. रविवारच्या टेबलावरचाच होता तो.

लॅबला लागून दीड महिना होत नाही, तोच बोटांची टोकं चिरायला लागली. ग्लोव्हज घातले तरी. मग पापण्या सुजल्या. एका दुपारी काका स्वतः तिला घेऊन दारात उभे राहिले. मुंगीचे दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले होते, आणि डोळे उघडत नव्हते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बोलावून पाहिलं. जिथे ते पाणी लावलं होतं तिथे पाठीवर लालबुंद चौकोन उठला होता. जेलमधल्या भावंडांचे आणखी दोन चौकोन शेजारीच. त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे, कागदावर चित्र काढून. शरीरानं या पदार्थाला एकदा वैरी ठरवलं की ते विसरत नाही. मलमानं हे आत्ताचं उतरेल, पण परत हात लावला की परत होईल. ग्लोव्हजमधून ते काही मिनिटांत आत झिरपतं. पुढे स्वतःच्या दातात पांढरं सिमेंट भरायची वेळ आली, तर दातांच्या डॉक्टरांनाही आधी सांगावं लागेल.

"म्हणजे हात बरे झाल्यावर?" मुंगीनं विचारलं.

"हे काम नाही करता येणार."

"कधीपर्यंत?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीच नाही, बेटा."

मुंगीनं मान हलवली, जणू कुणी तिला पत्ता सांगत होतं. मग डॉक्टरीणबाईंनी नोंदीसाठी विचारलं, हे पहिल्यांदा केव्हा सुरू झालं? लॅबच्या आधी काही? घरी नखांचं वगैरे काही करता का? नखं त्या दिवशी कोरी होती. वहिनीनंच आदल्या आठवड्यात घासून काढली होती.

"लॅबला लागल्यावरच," मुंगी म्हणाली. "आधी काही नव्हतं."

वहिनी शेजारच्या खुर्चीत होती. मांडीवर छोटी, पर्समध्ये फोन. फोनमध्ये तारखेनिशी फोटो. तिनं छोटीच्या टोपीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, कामाच्या ठिकाणचा त्रास. मालकांना चिठ्ठी दिली, हवा खेळती ठेवा, मिसळण्याच्या जागी पंखा बसवा.

काका चिठ्ठी वाचून दुसऱ्याच दिवशी घरी आले. चपला बाहेर काढून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. म्हणाले, माझ्या हलगर्जीपणामुळे पोरीचं नुकसान झालं, गाळा बंद बंद आहे हे मला दिसत होतं, पंखा उद्या लावू उद्या लावू करत राहिलो. बोलता बोलता ते रडायला लागले. वहिनीनं त्यांना चहा दिला. असू द्या काका, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, असं म्हणाली. दुसऱ्याच्या माथ्यावर आपलं खापर फुटताना बघून वर त्यालाच माफ करायचं, एवढी पाताळयंत्री आपण असू असं तिला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

काका गेल्यावर तिनं फोन उघडला. फोन मूळ फोटोही ठेवतो, हे तिला माहीत नव्हतं. एकेका फोटोवर बोट ठेवलं, की पुसलेली लाली परत यायची. पहिला लाल फोटो मुंगी लॅबला लागायच्या नऊ आठवडे आधीचा होता. शेवटच्या फोटोत चार बोटं चिरलेली होती, आणि त्यावर खवल्यांसारखी निळी-रुपेरी चमकी, इतकी सुरेख की आजही कुणी तो फोटो पाहिला तर आधी वा म्हणेल. दिसलं नव्हतं, असं म्हणायची सोयच राहिली नाही. न दिसलेली गोष्ट कुणी इतकी काळजीपूर्वक पुसत नाही.

मुंगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. वहिनी कॉटच्या कडेवर बसली आणि तिनं फोन पुढे केला. मुंगीनं पाहिलं, तेवढ्यापुरतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"रविवारी लावलं की सोमवारी खाज यायची. दर सोमवारी. एवढं कळत नाही का मला?"

"मग मला बोलली का नाहीस? तीन-साडेतीन महिने हात पुढे करत राहिलीस, वेडी का खुळी?"

मुंगी भिंतीकडेच बघत म्हणाली, "तू नळ सोडून रडायचीस ना वहिनी. त्या नळाचा आवाज माझ्या खोलीत यायचा. फक्त नखं करताना नळ बंद असायचा."

वहिनीला वाटत होतं, आपण या अबोल पोरीचे लाड करतोय, तिला आठवड्यातून चाळीस मिनिटं देतोय. आणि ती पोर आपली दहा बोटं औषधासारखी पुढे धरत होती. वाकून फुंकर घालणारी वहिनी, आणि तिच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत खाज सोसणारी मुंगी. वर हसायचीसुद्धा.

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

"दादाच्या कानावर गेलं असतं. तुलाच बोलला असता. आणि माझे हात परत थोडेच येणार होते?"

वहिनीनं नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. उठून त्यानं टेबलावरच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि बाहेर घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी नोंद बदलली आणि एवढंच म्हणाल्या, की पहिल्या खाजेला थांबला असतात तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. कदाचित. वहिनीनं तो शब्द घरी आणला आणि अजून तिला तो कुठे ठेवावा कळलेलं नाही.

काकांकडे जायला मात्र तिला अकरा दिवस लागले. गाळ्यात नवा पंखा घरघरत होता. काका ऐकून घेत राहिले, हातातली कवळी फडक्यानं पुसत. मग म्हणाले, पंखा हवाच होता, तो राहू दे. आणि थोड्या वेळानं, वर न बघता: "पण त्या दिवशी मी तुमच्या घरी रडलो, बाई." ती गाळ्यातून बाहेर आली, तेव्हा रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं आणि तिला कुठल्या बाजूनं घरी जायचं ते क्षणभर आठवेना.

काकांनी मुंगीला लॅबमध्येच दुसरं काम देऊ केलं. तयार कवळ्यांचे डबे दवाखान्यांत पोचवायचे, नावं टाकायची. तिनं ते तीन आठवडे केलं. एकदा वहिनी तिला न्यायला गेली, तर मुंगी काचेच्या अलीकडे उभी होती. पलीकडे नवीन आलेली मुलगी मेणाचा दात कोरत होती. मुंगीची उजव्या हाताची बोटं आपोआप हलत होती, हवेत, त्या मुलीच्या चाकूबरोबर. मुलगी चुकली तेव्हा मुंगीचा अंगठा थांबला.

चौथ्या आठवड्यात तिनं दुसऱ्या गावी एका इस्पितळात नाव-नोंदणीच्या खिडकीवरची नोकरी धरली. तिथे मुलींच्या वसतिगृहात राहते. जाताना छोटीचा पापा घेतला, वहिनीच्या पाया पडायला वाकली, तर वहिनीनं तिला वरच्या वर धरलं. गाडी सुटताना खिडकीतून मुंगी म्हणाली, "नळ सोडू नकोस गं."

आता दर रविवारी दुपारी फोन येतो. छोटी पळायला लागली आहे, तिच्या खोड्या ऐकून मुंगी हसते. हात कसे आहेत विचारलं की म्हणते, मस्त. नोकरी? मस्त. जेवतेस ना? हो गं बाई. व्हिडिओ लावला तर कॅमेरा चेहऱ्यावर ठेवते, हात खाली. वहिनी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा मुंगीनं स्टेशनवरच गाठलं, तिथल्याच बाकावर गप्पा मारल्या, खोली बघायला नेलं नाही. बाहीच्या आत बोटं दुमडून बसली होती. पुन्हा जायचंय, न सांगता. छोटीचा ताप उतरला की लगेच. निदान वहिनी तरी असं ठरवून आहे, गेले दोन रविवार.

तुमच्याही घरात कुणी मुंगी असेलच. आपलं दुखणं कधी न सांगणारी, तुमच्या पुढ्यात हसत हात धरणारी, काही झालं की साबणाचं असेल म्हणणारी. बहीण असेल, जाऊ असेल, कामावरची मैत्रीण असेल. तिला फोन करू नका, फोनवर सगळेच मस्त असतात. उठा आणि तिच्याकडे जा. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घ्या, खिडकीपाशी न्या, आणि रंग उतरलेला असताना नखांच्या कडा बघा. ती हात मागे घेईल. घेऊ देऊ नका.